पिकअपचा पिकअप

साखरपा सोडलं की आंबा घाट सुरू होतो. मे महिन्यातली पहाट होती. हौद्यात हापूसच्या पेट्या भरलेल्या आणि मामेभावाची पिकअप कोल्हापूरच्या वाटेला लागलेली. सपाटीवर गाडीने काही कुरकुर केली नाही. घाटातली पहिली दोन वळणं चढली आणि तिचा दम जायला लागला. पाय तळाशी दाबला तरी ओढ येईना. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर, मग आचके, आणि समोर काट्यांच्या शेजारी कधी न पाहिलेला एक पिवळा दिवा. पिकअपचा पिकअप गेला होता. आपल्याकडे हा शब्द गाडीलाही आहे आणि तिच्या ओढीलाही, त्यामुळे फोनवर मिस्त्रीला सांगताना पंचाईतच झाली.

मिस्त्री मोटरसायकलवरून आला. बॉनेटला हात लावण्याआधी त्याने विचारलं, "डिझेल कुठलं टाकलंय, दादा?"

"घरचंच. ड्रममधलं."

"ड्रम उभा ठेवता की आडवा?"

हा प्रश्न मला तेव्हा विक्षिप्त वाटला. मामेभावालाही वाटला असावा, कारण त्याने उत्तर द्यायला जरा वेळ लावला. ड्रम उभा होता, वाडीत पंपाच्या शेडबाहेर, उघड्यावर. मिस्त्रीने मान हलवली, डिझेल फिल्टर खोलला आणि त्यातलं सगळं एका पारदर्शक बाटलीत ओतून बाटली घाटाच्या कठड्यावर ठेवून दिली. पाचेक मिनिटांत तिच्यात थर पडले. वर मधाच्या रंगाचं डिझेल, खाली तीन बोटं पाणी, आणि दोघांच्या मध्ये एक करडी, बुळबुळीत साय.

पाणी खाली बसणारच. लिटरभर डिझेलचं वजन साधारण ८२० ते ८४५ ग्रॅम भरतं, पाण्याचं एक किलो. प्रश्न ते आलं कुठून हा, आणि त्याचं उत्तर उभ्या ड्रममध्ये आहे. २०० लिटरच्या पत्र्याच्या ड्रमच्या माथ्याला चहूबाजूंनी कड असते आणि दोन्ही बुचं त्या माथ्यावरच असतात. पाऊस पडला की कडेच्या आत तळं साचतं आणि बुचं त्यात बुडतात. बूच आवळलेलं असलं तरी त्याच्या आट्यांतून हवा थोडीफार ये-जा करतेच. दिवसभर उन्हात ड्रम तापतो, आतली हवा फुगते आणि बाहेर निसटते. संध्याकाळी वळवाची सर आली की ड्रम झटकन निवतो, हवा आखडते आणि आत ओढ तयार होते. ड्रम अर्धा रिकामा असेल तर आत शंभर लिटर हवा आहे. ती ४५ अंशांवरून २७ अंशांवर आली तर साडेपाच लिटरांच्या आसपास आकसते. ती जागा भरून काढायला बाहेरची हवा धावते, पण बुचाच्या तोंडाशी तर पाणी उभं आहे. मग तेच आत खेचलं जातं. सगळी साडेपाच लिटर जागा पाण्याने भरते असं नाही, पण दोनचार सरींत तळाशी पेलाभर साचायला अडचण नाही. ड्रम आडवा ठेवला, दोन्ही बुचं आडव्या रेषेत राहतील असा, की माथ्यावर तळं साचायचा प्रश्नच संपतो. आडवा ठेवायला जागा नसेल तर निदान एका बाजूला लाकडाचा ठोकळा घालून तो तिरपा करावा, म्हणजे पाणी बुचांपासून दूर जाऊन साचतं.

मधली साय हा आणखी वेगळाच प्रकार. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात त्या रेषेवर बुरशी वाढते. तिच्यातल्या एका जातीचं नाव हॉर्मोकोनिस रेझिनी. हिला खायला डिझेल लागतं आणि राहायला पाणी, म्हणजे पाण्याचा एक पातळ थर मिळाला तरी तिचा संसार उभा राहतो. ती मेली तरी तिचा चिखल उरतो आणि तो फिल्टरच्या कागदावर लिंपला जातो. नुसत्या धुळीने फिल्टर तुंबायला महिने लागतात, या चिखलाने कधीकधी एका टाकीत काम होतं.

आता हा फिल्टर नेमकं कोणाला वाचवतो ते बघू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबून तिचं आकारमान सोळा-अठरा पटींनी कमी केलं की ती इतकी तापते की तिच्यात उडवलेलं डिझेल आपोआप पेटतं. पण ते पेटण्यासाठी धुक्यासारखं बारीक उडायला हवं. इंजेक्टरच्या टोकाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी भोकं असतात आणि त्यांतून डिझेल प्रचंड दाबाने मारलं जातं. आजच्या कॉमन रेल पिकअपमध्ये, म्हणजे जिथे पंप एका सामाईक नळीत (रेलमध्ये) डिझेल दाबून ठेवतो आणि सगळे इंजेक्टर तिथूनच घेतात, हा दाब पूर्ण ओझ्यावर १६०० बारपर्यंत आणि काही इंजिनांत त्याहून वर जातो. गाडीच्या टायरमध्ये दोन-तीन-चार बार असतात, यावरून अंदाज येईल. विहिरीच्या भाषेत सांगायचं तर दहा मीटर पाण्याखाली एक बार वाढतो. म्हणजे १६०० बारसाठी सोळा किलोमीटर खोल विहीर लागेल, आणि जगातला सर्वांत खोल समुद्रसुद्धा अकरा किलोमीटरच्या आसपासच आहे.

एवढा दाब धरून ठेवायचा तर आतले भाग एकमेकांना घट्ट चिकटून सरकायला हवेत. पंपातल्या आणि इंजेक्टरमधल्या सरकत्या भागांत दोन ते चार मायक्रॉनचीच फट असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. नुसत्या डोळ्यांना चाळीस मायक्रॉनच्या खालचा कण दिसत नाही. म्हणजे या यंत्राचा जो शत्रू आहे तो दिसणारच नाही इतका लहान आहे, आणि "डिझेल चकाचक आहे हो, बघा ना" या वाक्याला काही अर्थ उरत नाही. त्यात या भागांना वंगण वेगळं दिलेलं नसतं. डिझेल हेच त्यांचं वंगण. डिझेलच्या जागी पाणी आलं की वंगण गेलं, आणि गंज आला तो वेगळाच.

फिल्टरच्या आतला कागद घड्या घालून बसवलेला असतो, म्हणजे मुठीएवढ्या डब्यात बराच मोठा कागद मावतो. या कागदाला पाणी चिकटू नये असा लेप असतो. बारीक थेंब त्याच्यावर अडतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि घरंगळून तळाच्या वाटीत पडतात. वाटीत दोन टोकं असलेला सेन्सर असतो. डिझेलमधून वीज जात नाही, साचलेल्या पाण्यातून जाते. पाणी त्या टोकांपर्यंत चढलं की दिवा लागतो. मामेभावाच्या गाडीतला पिवळा दिवा तो हाच. वाटीच्या बुडाला एक छोटी तोटी असते. इंजिन बंद करून ती सैल केली आणि पाणी संपून डिझेल यायला लागलं की बंद केली, एवढं पावसाळ्यात दर आठवड्याला करणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. ते थोडे आहेत.

सपाटीवर नीट चालणारी गाडी घाटातच का अडते, हेही याच कागदात आहे. गाडी नुसती उभी राहून फुरफुरत असते तेव्हा तिला डिझेल थोडं लागतं आणि अर्धवट तुंबलेला कागदही तेवढं देतो. चढावर ओझं घेऊन मागणी कितीतरी पटींनी वाढते आणि कागद पुरा पडत नाही. पंप मागतो, फिल्टर देत नाही. त्यातच पंप लागतं त्याहून जास्त डिझेल खेचतो आणि जळून उरलेलं रिटर्न पाइपने टाकीत परत सोडतो. त्यामुळे टाकीभर डिझेल जाळण्यासाठी फिल्टरला ते कितीतरी वेळा गाळावं लागतं.

मिस्त्रीकडे नवा फिल्टर होता. इथवरचं काम कुणीही करेल, असं मला वाटलं. जुना फिरवून काढायचा, नवा फिरवून बसवायचा, झालं. मामेभावाने उत्साहाने नवा फिल्टर हातात घेतला आणि कॅनमधलं डिझेल त्याच्या मधल्या भोकातून ओतायला लागला. मिस्त्रीने त्याचा हात धरला.

मामेभावाच्या त्या ओतण्यात आपल्या दोन पिढ्यांची सवय आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यात डिझेल इंजिन आधी विहिरीवर आलं, गाडीत नंतर. पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये सुरू झाली, आणि पुढे विहिरीवर बसणाऱ्या कुठल्याही इंजिनाचं आपल्याकडे नावच किर्लोस्कर पडलं. लिव्हर उचलायचं, हँडल मारायचं, वेग आला की लिव्हर सोडायचं. ते चालू झालं नाही तर शेजारचा कुणीतरी येऊन सांगायचा, "हवा धरली असंल." मग पंपावरचा स्क्रू ढिला करायचा, फसफस करत बुडबुडे यायचे, सलग धार आली की स्क्रू आवळायचा. ट्रकमध्येही तीच तऱ्हा. जर्मनीत बॉशने डिझेलचा पंप मोठ्या संख्येने बनवायला १९२७ मध्ये सुरुवात केली. त्यांच्याशी करार करून १९५१ मध्ये बंगळुरात मायको कंपनी निघाली आणि आपल्या मिस्त्र्यांच्या तोंडी तो पंप कायमचा मायको पंप झाला. त्या काळच्या ट्रकांवर बऱ्याचदा दोन फिल्टर शेजारी शेजारी असत, पहिला कापडी, दुसरा कागदी. कापडी काढून धुवायचा, पिळायचा, परत घालायचा. नवा कागदी घालताना डबा डिझेलने काठोकाठ भरून घ्यायचा, म्हणजे हवा कमी राहते आणि सेल्फ कमी मारावा लागतो. तरी हवा राहिली तर इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करायचा, कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं, आणि तिथून डिझेल उडायला लागलं की नट आवळायचा. ही शहाणपणाची रीत होती आणि त्या इंजिनांसाठी ती आजही बरोबर आहे.

मग इंजिन बदललं. कॉमन रेल पद्धत १९९५ मध्ये जपानी कंपनी डेन्सोने ट्रकमध्ये आणली, १९९७ मध्ये बॉशची पद्धत अल्फा रोमिओच्या मोटारीत आली, आणि नंतरच्या दशकात ती आपल्या पिकअपपर्यंत पोचली. बॉनेटखाली फिल्टरचा डबा दिसायला तसाच राहिला. त्यामुळे हातांना कळलंच नाही की काही बदललं आहे.

नव्या फिल्टरच्या तोंडाकडे नीट पाहिलं तर कडेने बारीक भोकांची माळ असते आणि मध्ये एक मोठं भोक. डिझेल कडेच्या भोकांतून आत जातं, कागदातून गाळलं जातं आणि मधल्या भोकातून पंपाकडे निघतं. म्हणजे मधलं भोक ही गाळून झालेल्या डिझेलची बाजू. तिथून कॅनमधलं डिझेल ओतलं की ते कागदाच्या पलीकडेच पडलं. न गाळलेलं ते डिझेल पहिल्या सेल्फला थेट पंपात, तिथून रेलमध्ये आणि इंजेक्टरमध्ये जाणार. ज्या वस्तूने इंजेक्टर वाचवायचा तिच्याच मार्गाने घाण आत सोडायची, असा हा उद्योग. फिल्टरचा खर्च काही शे रुपयांत भागतो, इंजेक्टरच्या संचाचं बिल पाच आकडी येतं. म्हणून कॉमन रेलसाठी सांगणं असं की फिल्टर कोरडाच बसवा आणि तो भरायचं काम गाडीच्या हातपंपावर सोपवा.

इंजेक्टरचा नट ढिला करायची सवय तर याहून घातक. तिथे पूर्वी दोनशे बारच्या आसपास दाब असे, आता त्याच्या सात-आठ पट. चालू इंजिनावर त्या लोखंडी पाइपाचा नट सैल केला तर सुईसारखी धार निघते आणि ती कातडी भेदून आत जाते. बाहेर टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही फारसं नाही, आणि आत बोटभर डिझेल पसरलेलं असतं. अशी जखम झाली की पट्टी बांधून कामाला लागायचं नाही, तडक इस्पितळ गाठायचं. वेळ गेला तर बोट जातं. एक दिलासा असा की फिल्टर पंपाच्या अलीकडे, कमी दाबाच्या बाजूला असतो. त्याला हात लावायला भीती नाही. भीती आहे ती पंपाच्या पलीकडच्या लोखंडी पाइपांची.

मिस्त्रीने घाटात जे केलं ते क्रमाने आठवतं ते असं. इंजिन बंद करून काही वेळ जाऊ दिला. फिल्टरच्या आसपासचा भाग आधी पुसून घेतला, कारण फिल्टर काढल्यावर वरची माती थेट उघड्या तोंडात पडते. पुसायला त्याने चिंधी घेतली ती तंतू न सुटणारी, सुताचा बोळा घेतला नाही. खाली आल्टरनेटर होता, त्याच्यावर जुनी पिशवी अंथरली. सेन्सरची वायर काढली, सेन्सर जुन्याच्या बुडातून सोडवून नव्याला लावला. जुना फिल्टर पट्ट्याच्या पान्याने सैल करून बाहेर काढला, पण त्याचं रबरी सील वर, बैठकीलाच चिकटून राहिलं होतं. मिस्त्रीने बोट फिरवून ते काढलं. हे राहिलं असतं तर जुन्या सीलवर नवं सील बसलं असतं, आणि गाडीने दर सकाळी छळलं असतं. बऱ्याच गाड्यांत पंप फिल्टरमधून डिझेल ओढून घेतो, त्यामुळे तिथे फट राहिली की डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते. जमिनीवर डाग नाही, हाताला ओल नाही, आणि गाडी मात्र रात्रभर उभी राहिली की सकाळी दहादा सेल्फ मागते. हा रोग शोधताना मिस्त्री लोक मेटाकुटीला येतात.

नवा बसवण्याआधी टाकीच्या तळाचा बोल्ट सैल करून त्याने आणखी एक बाटली पाणी काढलं. ते टाकीत राहिलं असतं तर पुढच्या वळणावर नव्या फिल्टरचीही तीच गत. मग नव्या सीलला बोटाने डिझेल लावून फिल्टर हाताने फिरवला. सील टेकल्यावर आणखी पाऊण फेरा, पाना न लावता. हे त्या फिल्टरच्या डब्यावरच छापलेलं होतं. पान्याने पिळून बसवलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही, आणि सील पिचकतं ते निराळंच.

राहिली हवा. डिझेल दाबलं की जवळजवळ दबत नाही, म्हणून पंपाचा रेटा जसाच्या तसा पुढे पोचतो. हवेचा फुगा मात्र दबतो आणि रेटा स्वतःच गिळून टाकतो. कॉमन रेलमध्ये दाब दोनशे बारच्या आसपास चढल्याशिवाय गाडीचा मेंदू इंजेक्टर उघडू देत नाही, म्हणून हवा असेपर्यंत सेल्फ कितीही मारा, इंजिन फिरेल पण पेटणार नाही. मिस्त्रीने हातपंपाचा रबरी गोळा दाबायला घेतला. आधी तो पिचपिच करत रिकामा दबत होता. चाळीस-पन्नास वेळा दाबल्यावर जड झाला, नंतर दगडासारखा. काही गाड्यांत हा गोळा नसतो, टाकीतच विजेचा पंप असतो. तिथे चावी फिरवून सेल्फ न मारता काही सेकंद थांबायचं, बंद करायची, असं चारपाच वेळा केलं की फिल्टर भरतो. हे सोडून लोक सेल्फ मारत बसतात. बॅटरी तर बसतेच, शिवाय पंप कोरडा फिरतो, आणि त्याचं वंगण डिझेल आहे हे वर आलंच. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारायचा नाही, मध्ये मिनिटभर थांबायचं. आमची गाडी तिसऱ्या सेल्फला खोकली, क्षणभर अडखळली आणि चालू झाली.

फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा, याचा आकडा गाडीगणिक वेगळा असतो आणि तो गाडीच्या पुस्तकात असतो. पिकअपवाल्यांच्या डब्यात ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद सापडतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. ड्रममधलं डिझेल वापरणाऱ्याने त्या आकड्याच्या पुष्कळ आधी बदलावा, असं माझं मत. आणि एक गोष्ट फिल्टरकडून होत नाही. डिझेलमध्ये रॉकेल मिसळलं असेल तर ते कागदातून सरळ जातं. तिथे गाळणीचा काही इलाज नाही.

मिस्त्रीने जुना फिल्टर रिकामा करून स्वतःजवळच ठेवला. दुकानात नेऊन तो करवतीने कापतो म्हणाला. कागद काळा असेल तर काजळी, तांबूस असेल तर टाकी गंजली, बुळबुळीत असेल तर बुरशी. निघताना त्याने नव्या डब्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहिले आणि बजावलं, "आत्ता चालू झाली म्हणजे झालं असं नाय. रात्रभर उभी राहूद्या. सकाळी बघा."

त्या रात्री गाडी कोल्हापूरला मार्केट यार्डाबाहेर उभी राहिली. पहाटे मामेभावाने चावी फिरवली आणि इंजिन अर्ध्या सेल्फला पेटलं. त्याने ते तसंच चालू ठेवून घरी फोन लावला, आणि पेट्यांचा भाव काय मिळाला हे सांगण्याआधी ड्रम आडवा करायला सांगितलं.